वशाट कशाला म्हणावे?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ३३ वर्षांच्या असून ठाण्यात नोकरी करतात. माहेर सोलापूर जिल्ह्यातले, माळकऱ्याचे. सासर मालवणकडचे, मासळी आवडीने खाणारे. सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर आषाढी वारीला गेल्या असता चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांनी वडिलांना शब्द दिला, की जन्मभर वशाट, म्हणजे मांसाहारी अन्न, खाणार नाही. सासरी त्यांना आजवर कोणी आग्रह केला नाही. दोन महिन्यांपूर्वी मात्र डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, तेव्हा पतीने पाकीट वाचून सांगितले, की कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेले आहे, चीजमध्ये वासराच्या पोटातला पदार्थ असतो, दह्यात तर जिवंत जिवाणूच असतात, "तू केव्हाचीच नॉनव्हेज खातेस, मग अंडे खायला काय हरकत आहे?" त्या दिवसापासून लेखिकेने औषध बंद केले, बाहेरचे खाणे सोडले आणि मासळीच्या भांड्यांच्या शंकेने थोरल्या जाऊबाईंकडे जेवणेही टाळले. जाऊबाई दुखावल्या आहेत. वडील गावी असतात. त्यांना हे सांगण्याची लेखिकेला भीती वाटते. त्या विचारतात : "मांस म्हणजे नेमके काय? रेघ कुठे ओढायची? आणि माझा शब्द मोडला का?"

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त छळतो आहे असे पत्रावरून दिसते. तुमचा शब्द मोडलेला नाही. जे आपण खात आहोत हे ठाऊक नव्हते, जे खाण्याची इच्छा मनात कधी आली नव्हती आणि जे कळताक्षणी तुम्ही थांबवलेत, त्याने व्रत मोडत नाही. व्रत मोडायला जाणतेपणाने केलेली कृती लागते, असे मी मानते, आणि माळकऱ्यांच्या घरात वाढलेल्या तुम्हालाही हे मनातून पटेल अशी माझी खात्री आहे. त्याबरोबर एक कळकळीची विनंती आहे : औषध असे परस्पर बंद ठेवू नका. त्याला पर्याय आहेत आणि ते मी पुढे लिहिते. पण डॉक्टरांना भेटून "मला जिलेटिन नसलेले औषध द्या" एवढे सांगणे याच आठवड्यात होऊ द्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमचे पत्र वाचताना जाणवले, की मांस नावाच्या वस्तूची सीमा कुठेतरी कायमची आखून ठेवलेली आहे, आपल्याला ती ठाऊक नव्हती आणि पतीने ती दाखवून दिली, असे तुम्ही धरून चालला आहात. या गृहीतकापाशी थोडे थांबू या. तुमच्याच सासरचे पाहा. जाऊबाई मासे खातात; परंतु सोमवारी, संकष्टीला, एकादशीला आणि श्रावण महिन्यात तिकडच्या बहुतेक घरांत मासळी चुलीवर चढत नाही, आणि त्या दिवशीच्या स्वयंपाकाला 'शिवराक' असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे वर्ज्य-अवर्ज्य त्यांनाही आहे आणि ते त्या निष्ठेने पाळतात; फरक एवढाच, की त्यांनी रेघ वारावर आणि तिथीवर ओढली आहे, तर तुम्ही ती पदार्थावर ओढली आहे. गोव्यातल्या आणि कारवारकडच्या कितीतरी सारस्वत घरांत मटण कधी शिजले नाही, मासळी मात्र रोजची. "आम्ही मांस खात नाही, फक्त मासे खातो," असे त्या घरातली माणसे सहज म्हणतात आणि तसे म्हणताना ती खोटे बोलत नसतात. वसईतल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबांत भस्म बुधवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते, तरी मासे चालतात, कारण त्यांच्या धर्मनियमात मांस म्हणजे पशूंचे आणि पक्ष्यांचे. उलट जैन घरांत मांस-मासे-अंडी तर नाहीतच, पण बटाटा, कांदा, लसूण हेही नाहीत, कारण कंदात असंख्य सूक्ष्म जीव मानलेले आहेत. दूध मात्र तिथे चालते. इंग्लंडमध्ये १८४७ साली शाकाहारी मंडळ स्थापन झाले, त्याला दूध आणि अंडी मान्य होती. त्याच देशात १९४४ साली काही जणांनी त्यातून वेगळे होऊन व्हीगन मंडळ काढले आणि अंड्यांबरोबर दूधही सोडले.

यांपैकी खरे शाकाहारी कोण, असे विचारत बसलो तर उत्तर मिळणार नाही, कारण प्रत्येक रेघ वेगळ्या कारणासाठी ओढलेली आहे. कुणाला जीवहत्या टाळायची आहे, कुणाला काही दिवसांपुरता आवडीच्या पदार्थाचा त्याग करायचा आहे, कुणाला देवाधर्माच्या दिवशीची शुद्धी सांभाळायची आहे, कुणाला जनावरांचे हाल नको आहेत. कारण ठरले की रेघ आपोआप दिसू लागते. कारण बाजूला ठेवून केवळ पदार्थांची यादी करू लागलो, तर तिला शेवटच सापडत नाही, आणि तुमचे दोन महिन्यांत तेच झाले आहे.

तुमच्या वडिलांच्या दिंडीतला पखवाज आठवा. त्याच्या दोन्ही तोंडांवर बकऱ्याचे कातडे ताणलेले असते, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेला पखवाजी त्यावर हात ठेवताना नमस्कार करतो. सोवळ्यात नेसायचा रेशमी कद ज्या धाग्याचा असतो, तो मिळवताना कोशातला किडा उकळत्या पाण्यात मरतो. पंचामृतात मध असतो. या कशालाही तुमच्या माहेरी कोणी वशाट म्हटले नसेल. यावरून तुमच्या घरची माणसे विसंगत वागत होती असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो मला मान्य नाही. त्यांनी रेघ ताटावर ओढली होती आणि त्या रेघेच्या आत ती आयुष्यभर प्रामाणिक राहिली. पखवाजाच्या कातड्यामुळे त्यांचे माळकरीपण लटके ठरत नाही, तसे कॅप्सूलच्या कवचामुळे तुमचेही ठरत नाही.

तुमच्या प्रश्नाशी अगदी मिळताजुळता प्रश्न १८८८ साली विलायतेला गेलेल्या एका तरुणापुढे उभा राहिला होता. मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी निघाले तेव्हा त्यांनी एका जैन साधूच्या समक्ष आईपाशी मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली होती. लंडनला गेल्यावर त्यांना कळले, की तिथल्या शाकाहाऱ्यांमध्येच मांसाच्या तीन व्याख्या प्रचलित आहेत. पहिलीनुसार मांस म्हणजे पशुपक्ष्यांचे, त्यामुळे मासे आणि अंडी चालतात. दुसरीनुसार कोणत्याही जिवाचे मांस वर्ज्य, म्हणून मासे चालत नाहीत, पण अंडी चालतात. तिसरीनुसार प्राण्यांपासून मिळणारे सगळेच वर्ज्य, म्हणजे अंडी आणि दूधही नाही. अंडे म्हणजे मांस नव्हे, असे कोणीतरी पटवल्यावर त्यांनी काही काळ अंडी खाल्लीही. मग त्यांच्या लक्षात आले, की या तीन व्याख्यांमधून आपल्या सोयीची निवडण्याचा अधिकारच आपल्याला नाही. शपथ आईने घ्यायला लावली होती. तेव्हा मांस या शब्दाचा आईच्या मनात जो अर्थ होता तोच त्यांना बांधील होता, आणि आईच्या अर्थात अंडे येत होते. त्यांनी अंडी सोडली. त्यानंतर शाकाहारी उपाहारगृहातसुद्धा पुडिंग आणि केक यांत अंडे आहे का, हे प्रत्येक वेळी विचारावे लागे आणि ते अवघड वाटे, असेही त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्यांनी सांगितलेला नियम असा, की शपथ देणाऱ्याने ज्या अर्थाने ती दिली तो अर्थ घ्यावा, आणि दोन अर्थ संभवत असतील तर दुबळ्या पक्षाचा अर्थ प्रमाण मानावा.

हा नियम तुमच्या बाबतीत इतका उपयोगी आहे, की मला त्याहून चांगला सल्ला सुचत नाही. तुम्ही शब्द दिलात तो अन्नसुरक्षा खात्याला नव्हे, पतीलाही नव्हे; वडिलांना दिलात. मग 'वशाट' या शब्दात काय काय येते, हे त्यांनाच का विचारू नये? त्यांना दुःख होईल अशी भीती तुम्हाला वाटते. मला वाटते, मुलीने दिलेला शब्द ती इतक्या वर्षांनी इतक्या बारकाईने जपते आहे, हे ऐकून त्यांना दुःखापेक्षा वेगळेच काही वाटेल. विचारताना कबुलीजबाबाचा सूर नको. "मला औषध घ्यायचे आहे, त्याचे कवच अशा पदार्थाचे असते; तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात तेव्हा तुमच्या मनात काय होते?" असे सरळ विचारा, आणि शक्यतो फोनवर घाईत न विचारता समोर बसून विचारा.

ते काय म्हणतील हे मी सांगू शकत नाही, पण उत्तरांच्या काही शक्यता आधीच मनात असू द्या. कदाचित ते म्हणतील, की मटण, मासे आणि अंडे एवढेच माझ्या मनात होते आणि औषधाला कसला आला विधिनिषेध. कदाचित म्हणतील, की जनावराचे काहीही पोटात जाऊ नये. कदाचित ते तुमच्यावरच सोपवतील. पहिल्या उत्तराने तुमचे मन हलके होईल. दुसऱ्याने वाट थोडी अवघड होईल, पण ती चालता येण्याजोगी आहे. तिसरे उत्तर आले, तर सोळाव्या वर्षी उसनी घेतलेली रेघ तुम्हाला आता स्वतःची म्हणून ओढावी लागेल. ज्या वाचकांनी असाच शब्द दिला आहे, पण तो घेणारे आई-वडील किंवा आजी-आजोबा आता हयात नाहीत, त्यांनी त्या माणसाला ओळखणाऱ्या वडीलधाऱ्याशी बोलावे : त्याच दिंडीतले कोणी, त्याच घरातले कोणी. त्या माणसाच्या अर्थाच्या जवळ जाण्याचा तोच एक मार्ग उरतो.

आता तुमच्या पतीने मांडलेले मुद्दे एकेक करून तपासू या, कारण त्यांतले काही खरे आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि ते सगळे एकाच वजनाचे नाहीत. दह्याचा मुद्दा बाजूला ठेवायला हरकत नाही. दही लावणारे जिवाणू प्राणी नाहीत, पाव फुगवणारे यीस्ट हेही प्राणी नाही. ते बुरशीच्या कुळातले आहे. आळंबीचेही तेच : पुष्कळ माळकरी घरांत ती खात नाहीत, पण ती रुची-अरुचीची किंवा रिवाजाची बाब आहे.

जिलेटिनबद्दल पती म्हणतात ते बरोबर आहे. जनावरांची हाडे आणि कातडी यांतून काढलेले ते प्रथिन असते, आणि कॅप्सूलखेरीज मार्शमेलो, च्युई गोळ्या आणि काही जेली यांतही ते असते. घरी जेली किंवा खीर घट्ट करायला आपण वापरतो ते चायना ग्रास मात्र समुद्री शेवाळापासून होते, त्याची शंका नको.

चीजचे म्हणणे अर्धे खरे आहे. दूध गोठवण्यासाठी पूर्वापार दूधपित्या वासराच्या जठरातले रेनेट वापरले जाई, आणि इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानोसारख्या चीजच्या नियमांत आजही तेच सक्तीचे आहे. पण जगातले पुष्कळसे चीज आता बुरशीपासून किंवा किण्वनाने तयार केलेल्या विकराने गोठवतात, आणि भारतात हिरवे चिन्ह असलेल्या पाकिटातल्या चीजमध्ये वासराचे रेनेट वापरता येत नाही. पनीरला रेनेट लागतच नाही. ते लिंबाने, व्हिनेगरने किंवा सायट्रिक आम्लाने फाडतात. तेव्हा ठाण्यात खाल्लेल्या प्रत्येक पिझ्झ्यासाठी स्वतःला दोष देत बसू नका. पुढे मात्र परदेशी चीज मिरवणाऱ्या हॉटेलात विचारून घ्या.

राहिले अंडे. पोल्ट्रीत अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे बाजारातल्या अंड्यातून पिलू निघण्याचा प्रश्न नसतो, हे खरे आहे. परंतु त्यावरून ते तुमच्यासाठी शाकाहारी ठरते, हे मला पटत नाही. आपल्या कायद्यात अंडे मांसाहारी गटात आहे. राज्याच्या शालेय पोषण आहारात २०२३ साली अंडे आले, तेव्हा न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय ठेवावी लागली, ती याच भावनेमुळे. आणि अंडी देणाऱ्या जातीतली नर पिले पोल्ट्रीला नको असल्याने जन्मल्या दिवशीच मारली जातात, हीही त्या धंद्यातली वस्तुस्थिती आहे. तरीही तुमच्यासाठी यांपैकी कोणत्याही कारणाची गरज नाही. "माझ्या वडिलांच्या अर्थात अंडे येते," हे पुरेसे कारण आहे. नकळत जिलेटिन पोटात गेले म्हणून जाणूनबुजून अंडे खाल्ले पाहिजे, हा युक्तिवाद तर मुळीच टिकत नाही. धान्य निवडताना एखादा खडा नजरेतून सुटला, म्हणून उद्यापासून निवडणे कोणी सोडत नाही.

पाकिटावरच्या चिन्हांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण याबाबत अनेकांची पत्रे येतात. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थ दाखवतो. मांसाहारीसाठी पूर्वी तपकिरी ठिपका होता, २०२० च्या नियमांनी तपकिरी त्रिकोण आला. कायद्याच्या व्याख्येत पशू, पक्षी, गोड्या व खाऱ्या पाण्यातले जीव, अंडी आणि प्राणिजन्य पदार्थ मांसाहारी धरले आहेत. मात्र दूध व दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि लाख यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे एखाद्या चकाकणाऱ्या गोळीवर लाखेचा, अर्थात किड्याने स्रवलेल्या राळेचा, थर असला तरी तिच्यावर हिरवा ठिपका असू शकतो, आणि त्यात फसवणूक नाही, कारण कायद्याने रेघ तिथेच ओढली आहे. कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग, ज्याचा क्रमांक १२० आहे, तो मात्र या सवलतीत येत नाही. घटकांच्या यादीत ४७१, ६३१ असे क्रमांक दिसतात, ते पदार्थ वनस्पतींपासूनही करता येतात आणि प्राण्यांपासूनही, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून काही ठरवता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, की घटकाचा नुसता सांकेतिक क्रमांक देऊन भागणार नाही, तो वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून हेही उघड केले पाहिजे, आणि प्राणिजन्य घटक कितीही अल्प असला तरी पदार्थ मांसाहारीच धरला पाहिजे. ज्यांना दूध आणि मधही नको, त्यांच्यासाठी २०२२ पासून व्हीगन पदार्थांचे वेगळे हिरवे चिन्ह आहे. तुम्हाला माझी सूचना अशी, की भारतात बांधलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका असला की यादीची आणखी चिरफाड करू नका. यादी वाचायची ती परदेशातून आलेल्या वस्तूंची, जिथे अंडी असलेले पदार्थही शाकाहारी म्हणून विकले जातात.

उघड्यावर किंवा हॉटेलात मिळणाऱ्या पदार्थांना पाकीट नसते, तिथे विचारण्यावाचून मार्ग नाही. नानच्या पिठात किंवा केकमध्ये अंडे, थाई रस्स्यात माशाचा सॉस किंवा कोलंबीची पेस्ट, वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा, व्हेज म्हणून दिलेल्या सूपमध्ये कोंबडीचा अर्क, एवढे चार-पाच प्रश्न पाठ असले की पुरते. कोकणी घरी पाहुणे म्हणून गेल्यास वांग्याच्या भाजीत सोडे किंवा सुकट तर नाही ना, हेही विचारावे. वाढणाऱ्या बाईच्या मनात तो भाजीचाच प्रकार असतो आणि न विचारता सांगायचे तिला सुचत नाही.

औषधांवर हिरवा-तपकिरी ठिपका बंधनकारक नाही, म्हणून तिथे डॉक्टर आणि औषधविक्रेता यांच्याशीच बोलावे लागते. ड जीवनसत्त्व गोळी, पावडरची पुडी आणि पातळ औषध या रूपांतही मिळते. कॅप्सूलच हवी असेल तर वनस्पतिजन्य सेल्युलोजचे कवच असलेल्याही असतात. आता एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडून कळावी, नंतर कुणाच्या टोमण्यातून कळू नये, म्हणून लिहिते : ड-३ हे जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्धांशापासून तयार करतात. लोकर कातरून घेतात, त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. त्यामुळे दूध चालणाऱ्याला ते चालायला अडचण वाटू नये, असे माझे मत आहे. तरीही ते नको असेल तर बुरशी किंवा यीस्टपासून केलेले ड-२ आणि दगडफुलाच्या प्रकारातल्या लायकेनपासून (बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून होणाऱ्या जिवापासून) केलेले ड-३ ही उपलब्ध आहेत. मात्रा किती आणि कोणते घ्यायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. शाकाहारी माणसांत ब-१२ ही अनेकदा कमी असते, तेही तपासून घ्या. त्याच्या गोळ्यांतले जीवनसत्त्व जिवाणूंच्या किण्वनातून मिळवलेले असते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. आणि एखाद्या गंभीर आजारात जिलेटिनवाचून दुसरा पर्याय नाही असे डॉक्टर म्हणाले, तर औषध घ्या. तुमच्या वडिलांनी शब्द घेतला तो तुम्ही चांगले जगावे म्हणून घेतला, हे विसरू नका.

आता जाऊबाईंकडच्या भांड्यांविषयी लिहिते, कारण माझ्या मते या पत्रातली खरी जखम तिथे आहे. पोटात काय जाते हा एक प्रश्न आहे, आणि कशाला कशाचा स्पर्श झाला हा दुसरा. पहिला शाकाहाराचा आहे, दुसरा सोवळ्याचा आहे. तुम्ही वडिलांना सोवळ्याचा शब्द दिला नव्हता. घासूनपुसून धुतलेल्या पातेल्यात केलेली आमटी ही आमटीच असते. याला अपवाद आहेत आणि ते खरेखुरे आहेत : ज्या तेलात बांगडा तळला त्याच तेलात तळलेला पापड, किंवा मासळीच्या कालवणातून काढून तसाच वरणात घातलेला पळीडाव. तिथे त्या पदार्थाचा अंश तुमच्या ताटात येतो. म्हणून जाऊबाईंकडे मागायचे ते एवढेच, की तळणीचे तेल वेगळे असावे आणि एक कालथा, एक पळी तुमच्यासाठी राखून ठेवावी. सोमवारचा शिवराक स्वयंपाक जन्मभर सांभाळणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. तिला ते तुमच्याआधी समजेल. तिला दुःख झाले ते तुम्ही मासे खात नाही म्हणून नव्हे, इतकी वर्षे तिच्या हातचे खाऊन एका दिवसात तिचे स्वयंपाकघर तुम्हाला परके झाले म्हणून.

माझ्या आजोबांच्या गळ्यात माळ होती. एका लग्नात ते पंगतीला बसले असताना शेजारच्या माणसाकडून त्यांना कळले, की वरणाला मटणाचीच पळी वापरली आहे. मी तेव्हा लहान होते आणि त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी पान पुढे सरकवले, उठून हात धुतले, पांडुरंगाचे नाव घेतले, आणि यजमान विचारायला आले तेव्हा "पोट भरले" एवढेच सांगितले. संध्याकाळी घरी येऊन ते नेहमीसारखे जेवले. आधीच्या दोन घासांबद्दल त्यांनी प्रायश्चित्त घेतल्याचे मला आठवत नाही, आणि त्या यजमानांकडे जाणेही त्यांनी सोडले नाही. तुमचे पत्र आल्यापासून ते मला सारखे आठवत आहेत.

पतीशीही एकदा बोलायला हवे. त्यांच्या बोलण्यात चिडवणे होते तसे काळजीही होती, कारण तुमचे रक्ताचे अहवाल त्यांनी पाहिले आहेत आणि अंडे हा त्यांना त्यावरचा सोपा उपाय वाटला. त्यांना सांगा, की पाकीट वाचून खरे सांगितले याबद्दल तुम्ही त्यांच्या ऋणी आहात. पण एखादी गोष्ट पूर्ण पाळता येत नाही म्हणून ती पाळणेच व्यर्थ, हे म्हणणे तुम्हाला मान्य नाही. प्रथिनांची काळजी असेल तर कडधान्ये, ताक-दही, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे यांतून दिवसाचे किती होते, हे दोघांनी मिळून आहारतज्ज्ञांकडे बसून एकदा मोजून घ्या.

क्रम असा ठेवा : आधी डॉक्टर, मग जाऊबाई, मग वडील. जाऊबाईंकडे वडिलांच्या उत्तराची वाट न पाहता जा. एखाद्या सोमवारी किंवा संकष्टीला, त्यांच्या शिवराकाच्या दिवशी, आधी फोन करून "आज तुमच्याकडे जेवायला येते" असे आपणहून सांगा. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि सोलकढी असेल तर मागून घ्या, आणि वेगळ्या पळीची गोष्ट जेवण झाल्यावर, भांडी आवरताना काढा.

तुमची स्नेहांकित